औषधाची बाटली ओट्यावरच राहू द्या

मैत्रिणींनो, आज स्वतःची एक चूक सांगूनच सुरुवात करते. चूक तशी साधी होती, एका वाक्याची. पण ते वाक्य माझ्या भाचीला फार महागात पडलं.

माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. आठ वर्षांची असताना एका पहाटे तिला झोपेत फिट आली. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला, दोन-तीन मिनिटांत सगळं थांबलं. घरच्यांनी ताप असेल, जंत असतील, नजर लागली असेल, असं काय काय म्हणून घेतलं. दोन महिन्यांनी पुन्हा तसंच झालं. मग जिल्ह्याच्या गावी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, ईईजी झाला, आणि औषध सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ एक पातळ औषध. त्यानंतर चौदा महिने एकही फिट नाही. पोर शाळेत जात होती, लंगडी खेळत होती, कवितेच्या स्पर्धेत बक्षीस आणत होती.

मग बहिणीच्या सासरी लग्न निघालं. चुलत दिराचं. निघण्याच्या आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला, सहज बोलणं चाललं होतं, आणि मी शहाणपणा केला. म्हटलं, "तिथे चारचौघांसमोर ती बाटली काढू नकोस गं. मुलीची जात आहे. उद्या लोक लक्षात ठेवतात." तिलाही ते पटलं. बाटली कपाटातच राहिली. तीन दिवसांनी काय बिघडतंय, असं दोघींनाही वाटलं.

तिसऱ्या रात्री हळदीच्या गडबडीत मुलं एक-दीडपर्यंत जागी होती. पहाटे पोरीला फिट आली, आणि ती थांबेना. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली. एका मामींनी दातखीळ उघडायला चमचा घातला, त्यात समोरच्या दाताचा तुकडा उडाला. 108 ची गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे झटके थांबले. वीस मिनिटं गेली होती. जी गोष्ट चारचौघांपासून लपवायची होती, ती साऱ्या मांडवाने पाहिली.

त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचते आहे, डॉक्टरांना खोदून खोदून विचारते आहे. आज त्यातलंच थोडं तुमच्यासमोर ठेवते.

प्रत्येक फिट म्हणजे एपिलेप्सी नव्हे

आपल्याकडे आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार अशी कितीतरी नावं आहेत आणि सगळी एकाच भीतीने घेतली जातात. पण डॉक्टर यात भेद करतात, तो आपणही करायला हवा.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात जोराचा ताप चढताना काही मुलांना झटके येतात. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना हे होतं. पाहणाऱ्या आईचा जीव जातो, पण अशा साध्या तापाच्या झटक्यांना एपिलेप्सी म्हणत नाहीत. बहुतेक मुलं त्यातून मोठी होतात, मेंदूला इजा होत नाही, रोजचं औषधही लागत नाही. तीनातल्या एका मुलाला पुढच्या तापात पुन्हा झटका येऊ शकतो, म्हणून आईने काय करायचं ते शिकून ठेवायचं. झटका लांबला, किंवा बाळ नंतरही सुस्त राहिलं, मान ताठ वाटली, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

ताप नसताना, दुसरं काही तात्कालिक कारण नसताना फिट आली, तर गोष्ट वेगळी. तरीही पहिल्या फिटनंतर डॉक्टर बहुतेक वेळा थांबतात, कारण साधारण निम्म्या मुलांना दुसरी फिट कधी येतच नाही. दुसरी आली, की पुढची येण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास जाते. तिथे डॉक्टर औषध सुरू करतात. तपासणीत मेंदूवर जुनी इजा किंवा गाठ दिसली, तर पहिल्याच फिटनंतरही करतात. म्हणून "पहिल्या वेळी गोळ्या दिल्या नाहीत, आता का देता?" असं डॉक्टरांवर रागावू नये. त्यामागे हिशेब असतो.

आणखी एक. फिट म्हणजे दरवेळी पडून तडफडणंच असं नाही. काही मुलं बोलता बोलता दहा-पंधरा सेकंद शून्यात बघतात, हातातली पेन्सिल तशीच राहते, मग पुन्हा लिहू लागतात. दिवसातून कितीतरी वेळा असं होतं, आणि शाळेत शेरा मिळतो, "अभ्यासात लक्ष नाही." बिचाऱ्या पोराला मार बसतो. अशा वेळी मोबाइलवर त्या क्षणाचं चित्रीकरण करून ठेवा. आपण शब्दांत सांगतो त्यापेक्षा डॉक्टरांना ते जास्त उपयोगी पडतं.

कारणं अनेक. बाळंतपणात गुदमरलेलं बाळ, मेंदूज्वर, डोक्याला मार, आनुवंशिक दोष. बऱ्याच मुलांमध्ये कारण सापडतही नाही. आपल्या देशात एक कारण खूप आढळतं, डुकरातल्या पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन गाठ होणं. "आम्ही तर माळकरी, आमच्याकडे कसं?" असं विचारणारे भेटतात. पण या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि तिथून न धुतलेल्या कच्च्या भाजीवर येतात. त्याला माळकरी काय आणि खाणारे काय, सारखेच. कोथिंबीर, गाजर, मुळा तीन पाण्याने धुवायचा तो यासाठीही.

टाकीचं गणित

मांडवातल्या त्या पहाटेनंतर मी डॉक्टरांना विचारलं, "तीनच दिवस औषध चुकलं, तेवढ्याने एवढं?" त्यांनी फार सोपं करून सांगितलं. म्हणाले, "तुमच्या गावात नळाला पाणी कसं येतं? दिवसाआड ना? मग टाकी भरून ठेवता. रोज वापरता, पुन्हा भरता. भरायचं चुकलं की नळ कोरडा. रक्तातलं औषध तसंच आहे. ते रोज भरायचं आणि शरीर ते रोज संपवतं. फिट दिसत नाही, कारण टाकी भरलेली आहे. फिट गेली म्हणून टाकी भरणं थांबवलंत, की पाणी संपतं."

हे औषध तापाच्या गोळीसारखं नाही, की बरं वाटलं आणि सोडलं. रोज, ठरल्या वेळी, फिट नसतानाही द्यायचं. आणि अचानक बंद केलं तर आधीपेक्षा मोठी, लांबणारी फिट येऊ शकते. आमच्याकडे नेमकं तेच झालं. त्यातच जागरण. झोप मोडणं हे फिट यायला मोठं निमित्त असतं.

मूल वाढतं, वजन वाढतं, तसा डोसही वाढतो. चौदा किलोच्या मुलाचा डोस वीस किलोला पुरत नाही. म्हणून "तीच चिठ्ठी, तेच औषध" असं दुकानातून वर्ष-वर्ष आणत राहू नका, मुलाला दाखवत राहा. कंपनी बदलून औषध दिलं तर दुकानदाराला विचारा, डॉक्टरांच्या कानावर घाला.

औषधांचे त्रास असतात, ते लपवण्यात अर्थ नाही. कुणी झोपाळू होतं, कुणी चिडचिडं. फिनोबार्बिटोनने काही मुलं चंचल होतात, अभ्यासात मागे पडल्यासारखी वाटतात. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात. लेव्हेटिरासिटॅमने काहींचा स्वभाव तापट होतो. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा. त्यांच्याकडे दुसरी औषधं असतात, डोस बदलता येतो. अंगावर पुरळ उठलं, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी गाठा. पण "गोळीने पोरगं मंद होतंय" म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. वारंवार येणाऱ्या फिट्सने होणारं नुकसान त्याहून मोठं असतं.

आणि हे जन्मभर चालत नाही, ही यातली चांगली बातमी. सलग दोन वर्षं फिट आली नाही, तर डॉक्टर औषध कमी करायचा विचार करतात. तेही एकदम नाही, काही आठवडे-महिने घेऊन हळूहळू. असं थांबवल्यावर साधारण तीनातल्या दोन मुलांना पुन्हा फिट येत नाही. उरलेल्यांना येऊ शकते, त्यांचं औषध परत सुरू होतं. आमच्या भाचीचे चौदा महिने मात्र त्या एका लग्नात वाहून गेले. मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

नव्वद, ऐंशी, सत्तर

आता जरा जगाकडे बघू. 2022 च्या मे महिन्यात जिनिव्हाला जागतिक आरोग्य परिषदेत एक आराखडा मंजूर झाला. एपिलेप्सी आणि मेंदूचे इतर आजार यांच्यासाठी, 2022 ते 2031 या दहा वर्षांसाठी. त्यात एपिलेप्सीपुरते तीन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, 90, 80, 70. म्हणजे आजार असलेल्या 90 टक्के लोकांना कळलं पाहिजे, की हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. 80 टक्के लोकांना परवडणारं, सुरक्षित औषध मिळालं पाहिजे. आणि उपचार घेणाऱ्यांपैकी 70 टक्के लोकांच्या फिट्स आटोक्यात आल्या पाहिजेत.

शेवटचा सत्तरचा आकडा वैद्यकशास्त्राच्या हातात आहे, आणि तो आजही शक्य आहे. नीट निदान आणि नीट औषध मिळालं, तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. औषधाचा खर्च वर्षाला पाच अमेरिकी डॉलरइतका कमीही असू शकतो, असंही ती म्हणते. मग गरीब देशांत चारातल्या तीन रुग्णांपर्यंत उपचार का पोचत नाही? घोडं अडतं ते पहिल्या दोन आकड्यांपाशी, नव्वद आणि ऐंशीपाशी.

ऐंशीचा आकडा हा सरकारचा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येऊन मुलं तपासतं. त्यांच्या यादीत फिट्सचा आजार आहे, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? पथक येतं तेव्हा आई शेतात किंवा कामावर असते, आणि पोर काही बोलत नाही. अंगणवाडीताईंना आधीच सांगून ठेवलं, तर मूल तिथूनच जिल्हा रुग्णालयापर्यंत जाऊ शकतं. पुढची अडचण औषधाची. फिटचं औषध महिनाभराचं मिळालं आणि पुढच्या महिन्यात "साठा नाही, नंतर या" असं ऐकावं लागलं, तर ती नुसती गैरसोय राहत नाही. इथे टाकी रिकामी होते. औषध संपायच्या आठ-दहा दिवस आधीच चौकशी करायची, जनऔषधी केंद्रात पाहायचं, हे आपण करू. पण साठा तुटू न देणं ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत हा प्रश्न बायकांनी विचारला पाहिजे. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत, त्यात एपिलेप्सीला स्वतंत्र जागा नाही. म्हणजे नुसती एपिलेप्सी असलेल्या मुलाला त्या सवलतींचा आधार नाही. निदान औषध तरी वेळेवर मिळावं, एवढी मागणी जास्त नव्हे.

नव्वदचा आकडा मात्र आपला. तुमचा, माझा, माझ्या त्या फोनवरच्या वाक्याचा. बाटली बहिणीच्या घरात होती, पैसे होते, डॉक्टर चांगले होते. तरी औषध पोटात गेलं नाही, कारण लोक काय म्हणतील. कुठलं सरकार त्याला पुरणार?

मुलीची जात

"मुलीची जात" म्हणून आपण लपवतो, तर मुलींच्या बाबतीत खरोखर काय जपायचं ते ऐका. सोडियम व्हॅल्प्रोएट हे चांगलं, जुनं, सर्रास दिलं जाणारं औषध आहे. पण ते घेत असताना स्त्री गरोदर राहिली, तर दहातल्या साधारण एका बाळाला जन्मतः व्यंग असू शकतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होऊ शकतो. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, की मूल होण्याच्या वयातल्या मुली आणि स्त्रियांना हे औषध देऊ नये. ब्रिटनमध्ये तर जानेवारी 2024 पासून 55 वर्षांखालच्या कुणाही नव्या रुग्णाला, पुरुष असो की स्त्री, दोन तज्ज्ञांचं एकमत असल्याखेरीज ते सुरू करत नाहीत.

हे वाचून कुणी आज रात्रीची गोळी बंद करू नका, हात जोडून सांगते. अचानक बंद करण्याचा धोका वर सांगितलाच आहे. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली, की पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढंच विचारा, "हिचं औषध बदलायला हवं का?" माझ्या बहिणीने विचारलं. डॉक्टरांनी एक औषध हळूहळू वाढवत दुसरं हळूहळू कमी केलं. लेक सासरी जाऊन दिवस गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा हा प्रश्न आत्ताच विचारलेला बरा. आणि बाटलीच लपवली, तर हा प्रश्न विचारणार कोण?

लग्नाचं म्हणाल, तर कायदा आपल्यापुढे गेला आहे. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिट्स ही लग्नाला हरकत मानली जायची. 1999 च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. आता एपिलेप्सी आहे म्हणून लग्न रद्द होत नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असं कोर्टात म्हणायला जागा राहते. म्हणजे आजाराने मोडत नाही तो संसार लपवाछपवीने मोडू शकतो. पुण्याची संवेदना फाउंडेशन ही संस्था एपिलेप्सी असलेल्यांसाठी स्वमदत गट चालवते आणि त्यांच्यासाठी विवाह मंडळही. तिथे सगळं आधी सांगूनच बोलणी होतात.

आणि हो, क्रिकेटमध्ये झेल घेताना हवेत झेपावणारा दक्षिण आफ्रिकेचा जाँटी ऱ्होड्स आठवतो ना? त्यालाही एपिलेप्सी आहे. त्याने ते कधी लपवलं नाही.

शाळेत सांगितलंत का?

लग्नानंतर बहिणीने पहिलं काम केलं, ते शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला सांगण्याचं. तिला भीती होती, की पोरीला मागच्या बाकावर बसवतील, सहलीला नेणार नाहीत. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता मला काय करायचं ते लिहून द्या." बहिणीने एक कागद लिहून दिला. तो तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून देते.

फिट आली की घड्याळ बघायचं. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, गळ्याजवळचं बटण सैल करायचं. आजूबाजूची बाकं, दगड बाजूला करायचे. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. जीभ गिळली जात नाही, ती भीती खोटी आहे. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय मात्र चपलेला जातं. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, किंवा पाण्यात पडताना, डोक्याला मार लागून आली, तर 108 ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा दिलेला असेल, तर त्यांनी शिकवलंय तसा वापरायचा. फिट थांबल्यावर मूल झोपेल, झोपू द्यावं, जवळ कुणीतरी बसावं.

बाकी खेळ, गॅदरिंग, सहल सगळं करू द्यावं. फक्त विहीर, नदी, तलावात एकट्याने नको, उंचावर चढणं नको, चुलीपाशी एकटीने नको, आणि आंघोळीला आतून कडी नको.

भाची आता बारा वर्षांची आहे. त्या लग्नानंतर एकही फिट नाही, दोन वर्षं उलटून गेली. वार्षिक परीक्षा झाली की डॉक्टर डोस कमी करायला सुरुवात करणार आहेत. बहिणीच्या पोटात गोळा आहे, माझ्याही. तीनातल्या दोघींत ती असेल की तिसरीत, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण तिसरीत निघाली, तरी काय करायचं ते आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या गणपतीत सगळे आमच्याकडे जमले होते. जेवणं झाली, बायका ओट्यापाशी भांडी आवरत होत्या. आठ वाजले तशी भाची आली, पिशवीतून स्वतःच औषध काढलं आणि पाण्याबरोबर घेतलं. एका काकूंनी विचारलं, "कसलं गं औषध?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "फिट येऊ नये म्हणून. रोज घ्यायचं असतं."

काकू म्हणाल्या, "अगोबाई, आमच्या नातवालाही चालू आहे. सून कुणाला सांगत नाही." आणि मग ओट्यापाशी तासभर तेच बोलणं चाललं.